मेथीत शिरलेली मेंढरं

'दोन दिवस काहीच काम करू नका,' असं बानाबाईला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं, आणि ती पार गांगरून गेली.

तिचा मुलगा कचरू वाळूजच्या कारखान्यात होता. फुलंब्रीजवळच्या एका शेतावर कामगारांच्या घरच्यांसाठी दोन दिवसांचा मुक्काम ठरला, आणि कचरूनं आईलाच पाठवलं. "तिथं खताची गोणी नाय, औषधाचा फवारा नाय. निवांत राहा." अख्खी हयात मेंढरांमागं गेलेल्या बानाबाईला त्यात नवल वाटलं नाही. तिनं तरी फवारा कधी पाहिला होता?

शेत तात्यासाहेबांचं. शहरातली नोकरी सोडून त्यांनी डोंगराच्या पायथ्याला मातीच्या खोल्या बांधल्या होत्या. चूल गोबरगॅसची, भाजी वाफ्यातली. बानाबाईच्या खोलीत दुसऱ्या एका कामगाराच्या मावशी, मुक्ताबाई नावाच्या मास्तरीणबाई होत्या. विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षं त्यांनी मोर्चे काढले, तुरुंगही पाहिला. गेल्याच महिन्यात नामांतर झालं, तेव्हा आनंदानं इतक्या ओरडल्या की घसाच बसला.

"डॉक्टर म्हणाले, आवाजाला आराम द्या," त्या घोगऱ्या सुरात म्हणाल्या. "म्हणून इथं आले. इथं सकाळी नऊपर्यंत मौन असतं म्हणे."

"म्हंजे बोलायचंच नाय?"

"अक्षरसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लिंबाखाली गपगार बसले होते. तेवढ्यात एका एडक्याच्या गळ्यातली घंटा वाजली आणि कुंपणाच्या खिंडारातून शंभरेक मेंढरं थेट मेथीत शिरली. तात्यासाहेब ताडकन उठले, पण नियम त्यांचाच! तोंड मिटून ते उपरणं फडफडवत धावले. मेंढरं बुजली आणि मेथीतून मुळ्यात पांगली. पाहुणेही नुसते हातवारे करत वाफे तुडवू लागले.

बानाबाईनं ओठ घट्ट दाबून धरले. मग मुक्ताबाईंकडं पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, मार हाक!

"हुर्रर्रऽऽ! हाऽऽ!"

ती हाक डोंगराला भिडली. शंभर माना वर झाल्या. बानाबाईनं पदर खोचला, घंटेवाल्या एडक्याचं शिंग धरलं आणि खिंडाराकडं निघाली. एकामागं एक सगळी मेंढरं तिच्या पाठीमागं बाहेर पडली. तेवढ्यात त्यांचा धनी मुंजाबा धापा टाकत आला आणि हात जोडून उभा राहिला. तात्यासाहेब लालबुंद झाले होते, पण तोंड मिटलेलंच.

बानाबाईनं त्यांना विचारलं, "साहेब, शेणखत कुठून आनता?"

त्यांनी हातानं लांब करमाडकडं आणि मग दाराशी उभ्या ट्रॉलीकडं दाखवलं.

"तिकडून ट्रॉलीनं आनता, आन् दारात चालत आलेलं हाकलता व्हय? तुरीचं वावर मोकळं पडलंय. तीन रात्री मेंढरं बसवा तिथं. लेंड्या, मूत, सगळं जागच्या जागी. मग ज्वारी बघा कशी येती!"

तात्यासाहेबांनी वावराकडं पाहिलं, मेंढरांकडं पाहिलं. त्यांना राहवेना. "मुंजाबा, बसवता का?"

"नऊ वाजायचेत अजून!" मुक्ताबाई घोगऱ्या आवाजात ओरडल्या, आणि अख्खं आवार हसत सुटलं. तात्यासाहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले. मुंजाबाला त्यांनी चहा दिला आणि बदल्यात ज्वारी कबूल केली.

उरलेला दिवस बानाबाईनं मुंजाबाबरोबर वावरात मेंढरांसाठी जाळी ठोकण्यात घालवला. कुणी तिला बसवायला गेलं की म्हणे, "आता बरं वाटतंय, राहू द्या."

संध्याकाळी मुक्ताबाई जाळीपाशी आल्या. "मला शिकवा ती हाक."

"घशाचं काय?"

"एकदाच."

त्यांनी छाती भरून हाक मारली. मेंढरं ढिम्म हलली नाहीत. एडक्यानं तेवढी मान वळवून त्यांना निरखलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला. बानाबाई पोट धरून हसत खालीच बसली.

"हसता काय? त्यानं बघितलं की नाही?" असं म्हणत मुक्ताबाईही तिच्याशेजारी ढेकळांवर टेकल्या.