दहापैकी दोन

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या उपवासकाळात भुईगावच्या चर्चच्या सभागृहात तीन दिवसांचं ‘सुखी जीवन शिबिर’ झालं आणि त्यात लूर्डसला दहापैकी दोन गुण मिळाले.

मिळाले म्हणजे तिनंच स्वतःला दिले. शिबिर घ्यायला वांद्र्याहून फर्डिनंड नावाचा तरुण आला होता. तो आठवडाभर बँकेत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी सुख शिकवायचा. त्यानं सगळ्यांना कागद वाटले. प्रश्न एकच होता: मी किती सुखी आहे? शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा. नाव लिहू नका, असं त्यानं तीनदा बजावलं. पण कागद गोळा करायला होते ज्युलियस मास्तर, आणि बिननावाचा पेपर मास्तरांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधी हातात घेतला नव्हता. त्यांनी प्रत्येकाला नाव आणि आळी लिहायला लावली. हजेरी नंबर कुणालाच नव्हता, म्हणून रेशनकार्डाचा चालवून घेतला.

नाव लिहायचं म्हटल्यावर लोक सावध झाले. दहा लिहिणं गर्वाचं दिसलं असतं, सातच्या खाली गेलं तर शेजाऱ्यांना विषय मिळाला असता. त्यामुळे सगळा गाव आठ ते नऊच्या दरम्यान सुखी निघाला. दहा लिहिलं ते एकट्या फ्लॉसीनं. तिला नववा महिना होता आणि ती कुणाला घाबरत नव्हती. लूर्डस मात्र फादरांपुढे पापं सांगायला, कुमसाराला बसल्यासारखी पाच मिनिटं विचार करत बसली आणि मग तिनं दोन लिहिलं.

लूर्डस ही ज्युलियस मास्तरांची बायको. मास्तरांनी आयुष्यात पुष्कळांना नापास केलं होतं, पण घरातलं कुणी नापास होण्याची ही पहिलीच वेळ.

“दोन?” घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

“हो.”

“अगं, पण आपल्याकडे कमी काय आहे?”

“काही नाही. दोन होतं म्हणून दोन लिहिलं.”

“निदान पास होण्यापुरतं तरी लिहायचंस. साडेतीन लिहिलं असतंस तरी चाललं असतं.”

“अर्धे गुण आहेत असं तो पोरगा बोलला नाही,” लूर्डस म्हणाली आणि मासळी साफ करायला बसली.

दोन का, हे गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. गावात बाई किंवा लहान मूल गेलं की त्यांना आंघोळ घालून, कपडे चढवून पेटीसाठी तयार करायचं काम सोळा वर्षं लूर्डस करत होती. हे काम तिला मास्तरांच्या मार्था आत्येनं शिकवलं होतं. कोमट पाणी घ्यायचं, हनुवटी पट्टीनं बांधायची, पायाचे अंगठे एकत्र बांधायचे, जपमाळ बोटांत ओवायची, आणि मुख्य म्हणजे पूर्ण वेळ बोलत राहायचं. “गप्प राहिलीस तर हात थरथरतील,” मार्था आते सांगायची. कामाला मोबदला नव्हता. अडचण होती ती नंतरची. त्या दिवशी लूर्डसला जेवण जायचं नाही. आणि एरवी तिच्या हातचं कुणी खायचं नाही. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. भुईगावात माणसं सभ्य आहेत. पण लग्नघरी तिच्या हातात कुणी भाताचा डाव दिला नाही आणि बारशाला तिच्या मांडीवर कुणी मूल ठेवलं नाही. समोरच्या घरातली आल्बिनाकाकी तर उघडच वागायची. नाताळचं फराळाचं ताट लूर्डसनं पाठवलं की ते रुमालासकट तसंच परत यायचं. सोळा नाताळ, सोळा ताटं. त्यातल्या करंज्या मास्तर खायचे आणि वजन वाढल्याची तक्रार करायचे.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी फर्डिनंडनं चारच्या खालच्यांना पुढे बोलावलं. चारच्या खाली एकटी लूर्डस होती. तिची हकीगत त्यानं मान तिरकी करून ऐकली.

“तुमचं सुख ही तुमची पहिली जबाबदारी आहे, आंटी,” तो म्हणाला. “ज्यातून आनंद मिळत नाही ते सोडून द्या.”

“आणि ते काम कोण करणार?”

“ज्याची जबाबदारी त्याची. आपण आपलं बघायचं.”

“म्हणजे मेलेल्या माणसानं आपलं आपण बघायचं?”

फर्डिनंडनं पुढचा मुद्दा घेतला. पण गावाला त्याचं म्हणणं पटलं होतं. इतकी वर्षं आपल्यामुळे एक बाई दोनवर अडकून पडली, याची लोकांना मनापासून लाज वाटली. लूर्डसला त्या कामातून मोकळं करावं, असं ठरलं. तिच्या जागी कोण, हा प्रश्न कुणी काढला नाही. त्या आठवड्यात गावात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे सगळं एकमतानं झालं.

लूर्डस नको म्हणाली नाही. तिला बघायचं होतं.

आणि इथं सरळ सांगून टाकायला हवं की ती सुखी झाली. अगदी खरोखर. ईस्टरनंतर महिन्याभरात तिला तीन घरांतून कांदे चिरायला बोलावणं आलं, एका घरातून थेट वाटण वाटायला. बायका तिच्या हातचा चहा पिऊ लागल्या, आधी अर्धा कप, मग पूर्ण. फ्लॉसीला मुलगा झाला. फ्लॉसी म्हणजे आल्बिनाकाकीच्या मुलाची, हिलरीची बायको. बाप्तिस्म्याच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना फ्लॉसी उठली आणि तिनं पोर सरळ लूर्डसच्या मांडीवर ठेवलं. लूर्डस हलेना. श्वासही घेईना. खुर्चीत बसलेली आल्बिनाकाकी हे सगळं बघत होती.

“पुतळ्यासारखी काय बसलीस?” म्हातारी खेकसली. “मान धर त्याची नीट. आणि त्या करंज्या तू केल्यास ना? दे एक इकडे.”

काकीनं दोन करंज्या खाल्ल्या आणि नारळ जरा कमी पडला म्हणाली.

मास्तर दर रविवारी मिस्सा झाल्यावर विचारायचे, “आज किती?” आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे. चार. पाच. बाप्तिस्म्याच्या रविवारी सहा. मास्तरांनी सहाभोवती लाल शाईनं गोल केला. प्रगती बघितली की त्यांना राहवत नसे.

मे महिन्यात पलीकडच्या आळीतली एक म्हातारी गेली. लूर्डसला कुणी बोलावलं नाही. तिचं सुख मोडायचं नाही, असं ठरलं होतं. घरच्यांनी आपापसात घाईघाईनं उरकलं. चर्चमध्ये शेवटचं दर्शन घ्यायला लूर्डस पेटीपाशी गेली, तेव्हा म्हातारीचं तोंड उघडं होतं. हनुवटी कुणी बांधलीच नव्हती. लोक फुलं टाकत होते आणि नजर वळवून पुढे सरकत होते. नातवंडांना लांब धरलं होतं. जन्मभर पदराआड हसणारी ती बाई सगळ्या गावासमोर आ वासून पडली होती.

रविवारी मास्तरांनी विचारलं, “आज किती?”

लूर्डसनं स्वतःला पुन्हापुन्हा तपासलं. वाटण छान जमलं होतं, फ्लॉसीचं पोर तिच्याकडे बघून हसायला लागलं होतं, रात्री झोप लागली होती.

“सहा,” ती म्हणाली. आणि त्या रविवारीही सहाच निघाले, हे तिला खटकलं. इतकं खटकलं की ती दिवसभर स्वतःशी भांडण झाल्यासारखी वागत होती.

त्यानंतर दहाच दिवसांनी सकाळी चर्चची घंटा संथपणे वाजू लागली. लूर्डस परसात केळीची सुकलेली पानं काढत होती. ती हात पुसत पुढच्या दारी आली तर मास्तर दार अडवून उभे होते आणि बाहेर हिलरी उभा होता. त्याचे डोळे सुजले होते.

“हिलरी, बाबा, तू समजूतदार आहेस,” मास्तर हलक्या आवाजात सांगत होते. “ती आत्ता सहावर आहे. कुठून वर आणलीय ते तुला माहीत आहे.”

“मास्तर, मी बोलवायला नाही आलो. मी नुसतं विचारायला आलो. आई सहाला गेली, आता साडेसात झाले. बायका खोलीत जातात आणि रडत बाहेर येतात. हनुवटीला मी ऑफिसचा टाय बांधून बघितला, तो सटकतो.”

“सुती फडकं घे.”

“कसं बांधायचं?”

मास्तरांना हे येत नव्हतं. शिकवण्यासारखी गोष्ट समोर आहे आणि आपल्याला ती येत नाही, असा प्रसंग त्यांच्यावर फारसा आला नव्हता.

लूर्डस घरात गेली. खाटेखालचं घमेलं तिनं ओढून काढलं, आत जुन्या साडीच्या पट्ट्या होत्या तशाच होत्या. ती परत दारात आली.

“अगं, विचार कर,” मास्तर म्हणाले. “परत तुझ्या हातचं कुणी खाणार नाही. ते पोर कुणी देणार नाही तुझ्याकडे. ते माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं.”

“कळतं.”

“मग?”

“अहो, मी सुखी आहे का, हे विचारायला तो पोरगा वांद्र्याहून आला. आल्बिनाकाकीला कोण तयार करणार, हे विचारायला कुणी आलं नाही. म्हणून मला वाटत राहिलं की पहिला प्रश्न मोठा आहे.” ती चपला न घालताच पायरी उतरली. “तो मोठा नाही. असेल तेवढा असेल. बाजूला व्हा.”

मास्तर बाजूला झाले.

काकीच्या घरी ओटीवर बायका गर्दी करून बसल्या होत्या. फ्लॉसी चुलीपाशी उभी होती, पाठीमागे पाळण्यात पोर झोपलेलं. लूर्डसला बघून तिला बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. दोन्ही तिच्या तोंडावर दिसलं.

“मावशी, पाणी किती गरम करू?”

“पोराला घालतेस तेवढं. आणि तूच घेऊन ये.”

“मी? आत?”

“मला एकटीला आता तिची कूस वळवता येणार नाही. माझी पाठ गेलीय. आणि मी काही जन्मभर पुरणार नाही.”

“मावशी, मला भीती वाटते.”

“मलाही वाटते.”

“अजून?”

“दर वेळी. चल, उशीर झाला तर हात वळायचे नाहीत.”

फ्लॉसी आली. उंबऱ्यावर थांबली, मग आणखी तीन पावलं आली आणि भांडं खाली ठेवून भिंतीला टेकली. लूर्डसनं टाय सोडून बाजूला घडी करून ठेवला. पट्टी डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली धरली आणि कानामागे गाठ मारली.

“काकी, मी लूर्डस,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. “चिडू नको. दुसरी कुणी मिळाली असती तर मी आलेच नसते. हात सैल सोड बघू. असा. फ्लॉसी, खांद्यापाशी धर. अगं, मोडत नाही ती. सोळा वर्षं माझी ताटं परत पाठवलीस, काकी, आणि शेवटी दोन करंज्या खाऊन नावं ठेवून गेलीस. नारळ बरोबर होता. तुलाच चव उरली नव्हती.”

फ्लॉसी हसली. आपण हसलो म्हणून घाबरली, आणि मग रडायला लागली.

“रड, पण पाणी ओत,” लूर्डस म्हणाली. “आणि बोल तिच्याशी. गप्प राहू नको.”

“काय बोलू?”

“जे एरवी मनात बोलायचीस.”

फ्लॉसीनं थोडा विचार केला. “आई,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “तुमच्या भाजीत मीठ जास्त असायचं.”

“शाब्बास,” लूर्डस म्हणाली. “आता डावी कूस.”

तासाभरात काम झालं. लग्नातलं लाल लुगडं काकीला सैल होत होतं; लूर्डसनं ते पाठीमागे चुणून घेतलं. केस विंचरले, जपमाळ बोटांत ओवली. काकीचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, जिवंतपणी कधी नव्हतं इतकं. हिलरीनं आत येऊन बघितलं आणि तो गुडघ्यांवर बसला.

दोघी मागच्या दारी बावीवर गेल्या. लूर्डसनं पाणी शेंदून कोपरापर्यंत हात धुतले, फ्लॉसीनं तिचं बघून तसेच धुतले. मग तीनदा धुतले. तेवढ्यात घरात पोर जागं झालं आणि भुकेनं किंचाळू लागलं. ओटीवरच्या बायकांपैकी एकीनं त्याला उचलून दारापर्यंत आणलं. फ्लॉसीनं हात पुढे केले आणि अर्ध्यावर थांबवले. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मूल आणणारी बाईही फ्लॉसीच्या हातांकडे बघत राहिली.

पोराला यातलं काही माहीत नव्हतं. ते आणखी जोरात रडलं.

“तासाभरानं पाजलंस तर हात बदलणार आहेत का?” लूर्डसनं विचारलं.

फ्लॉसीनं दात आवळले आणि पोर ओढूनच घेतलं. पदराआड धरलं तसं ते एकदम शांत झालं.

लूर्डसनं पट्ट्या गोळा करून घमेल्यात टाकल्या. “दुपारी चारला पेटी येईल. उचलताना पायांकडून तू राहा. पुरुष उगाच वाकडी करतात.”

“येते, मावशी,” फ्लॉसी म्हणाली. तिचा आवाज अजून ठीक नव्हता, पण ती येणार होती.

दोघी ओटीवर आल्या, एकीच्या कडेला घमेलं, दुसरीच्या पदराआड मूल. बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोघींना वाट करून दिली. दोन बायकांना लागते त्यापेक्षा ती वाट जरा जास्तच रुंद होती. लूर्डस त्या वाटेच्या मधोमध चालत गेली.