तिसरी हाक

१९६४ साली आमच्या बालाघाटच्या मंडळाचं नाटक नागपूरला न्यायचं ठरलं आणि थोरल्या भावाच्या भूमिकेसाठी आम्ही चौघं टपून बसलो. मी जरा जास्तच. आठ वर्षं मी नुसते शिपाई आणि वाटसरूच करत आलो होतो.

निवड करायला नागपूरहून नाटक बसवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांची रीत निराळी. प्रवेश करून दाखवायचा आणि मग प्रत्येक गोष्ट तशीच का केली, ते सांगायचं. बाकीच्या तिघांची भंबेरी उडाली.

प्रवेश छोटासा. तिन्हीसांजेला धाकटा भाऊ बाहेरून "दादा" अशी हाक मारतो, थोरला धावत जाऊन दार उघडतो. हाक मारायला विंगेत पोस्टातला भैयालाल होता. त्यानं हाक मारली, मी हललो नाही. मला ऐकू आलं नसावं म्हणून त्यानं दुसरी मारली, मग वैतागून तिसरी. तेव्हा कुठे मी दाराकडे गेलो.

पुस्तकात एकच हाक आहे, असं बाई म्हणाल्या. मी समजावलं की आमच्याकडे तिन्हीसांजेला पहिल्या दोन हाकांना कोणी ओ देत नाही. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही, म्हणून थांबायचं. बाई खूश झाल्या. पण थांबताना हात का थरथरत होते, असं त्यांनी विचारलं. ते काही मी ठरवून केलं नव्हतं.

"माह्या तेजरामनं दोनच हाका मारल्या होत्या, बाई," मी म्हणालो. "आवाज वळखला होता मी. तरी तिसरीची वाट पाहत बसलो."

माझ्या धाकट्या भावाला बांधावर साप चावला होता. कंदील घेऊन मी बाहेर गेलो तेव्हा तो कुंपणाशी पडला होता. अंग अजून गरम होतं.

 बाई म्हणाल्या, पुन्हा करा, या वेळी तिसरीची वाट पाहू नका. जमलं तर भूमिका तुमची.

भैयालालनं हाक मारली. माझे पाय उचलेनात. त्यानं दुसरी मारली, पण आवाज फाटला. विंगेतून त्यानं सगळं ऐकलं होतं. मग नुसती शांतता. मला भीती वाटली, अगदी त्या संध्याकाळसारखी.

"आलो रे तेजराम, आलो," म्हणत मी धावलो आणि दार उघडलं.

बाहेर भैयालाल उभा होता. तो भैयालालच निघाला याचं मला इतकं वाईट वाटलं, की भूमिका मिळाल्याचं बाईंना दोनदा सांगावं लागलं.