मंडपातल्या मुली

"सोड! घोटा सोड माझा!"

अंबिका जाधव सिस्टरनी घोटा सोडला नाही. परळच्या सरकारी रुग्णालयातला बायकांचा हाडांचा वॉर्ड सकाळच्या गडबडीत होता. खिडकीपासून लांबच्या कॉटवरची बाई बाथरूममध्ये पडली होती, तिचा खुबा बदलला होता, आणि पाय खाली घ्यायचं नाव काढलं की ती वॉर्ड डोक्यावर घ्यायची. व्यायाम करून घेणारी मुलगी आजही हात टेकून निघून गेली, तेव्हा अंबिका स्वतः आली. एका हातात टाच, दुसऱ्या हातात घोटा धरून तिने पाय अलगद कॉटच्या कडेला आणला.

बाई ओरडायची एकदम थांबली. घोट्याभोवतीच्या बोटांकडे बघत राहिली.

"काय गो," ती म्हणाली, "तू बीडीडीची खैरे ना?"

अंबिकाचं माहेरचं आडनाव वॉर्डात कोणालाच माहीत नव्हतं. तिने मान वर करून त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"तावडे? गिरगावची कमल तावडे?"

"मग काय तर! तेव्हा पण असाच धरलेलास. ही पकड मी मेले तरी विसरायची नाही."

लालबागमध्ये तेव्हा कबड्डीचं एक क्रीडागृह होतं. वर पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना लाकडी गॅलऱ्या आणि मध्ये चाळलेल्या लाल मातीचं मैदान. पाटीवर नाव भलंमोठं होतं, पण अख्खं गिरणगाव त्याला मंडप म्हणायचं. संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प झाले, तरी मंडपातला आवाज गप्प झाला नव्हता. काम गेलेली माणसं संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून तिथे यायची आणि ताठ बसायची, कारण खाली त्यांचीच पोरं खेळत असायची. पोरीसुद्धा.

अंबिका वरळीच्या बीडीडी चाळीतली. मुलींचा संघ निघाला तेव्हा हाफ पँटवरून चाळीत बरीच कुजबुज झाली. तिची आई जाईबाई गिरणीतलं काम सुटल्यावर लोकांकडे पोळ्या लाटायला जायची. तिने स्वतःच्या हाताने निळी पँट शिवली आणि नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझी पोर खेळायला जाते, चोरी करायला नाही. ज्याला बघवत नाही त्याने मंडपात येऊ नये."

सगळे आले. अंतिम सामन्यात गिरगावचा संघ एका गुणाने मागे होता आणि शेवटची चढाई कमल तावडेची होती. मुंबईत तिच्याइतकी वेगाची पोरगी नव्हती. ती डाव्या कोपऱ्यातल्या अंबिकाला हात लावून मागे फिरली, आणि अंबिकाने जमिनीवर झेप घेऊन तिचा घोटा धरला. कमल मधल्या रेषेकडे पूर्ण लांब झाली. पंचांनी शिट्टी मारली, बोट वर केलं. बाद. गॅलरी अशी उठली की छपरावरची कबुतरंसुद्धा उडाली. त्या दिवसापासून चाळीत जाईबाईला कोणी जाईबाई म्हणेना. ती अंबिकाची आई झाली, ती शेवटपर्यंत.

"माझा हात लागलेला रेषेला," कमल आता म्हणाली.

"नव्हता लागला."

"लागलेला गो! चुना होता नखात."

"मंडपात कुठेही हात टेकला तरी चुना लागायचा."

आजूबाजूच्या कॉटवरच्या बायका हसायला लागल्या. कमलही हसली, पण लगेच पडल्या पडल्या तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जाऊ दे खैरे. आता कुठे चढाई करायचीय? हे गेले. विनीत म्हणतो, आई, तू नुसती पडून राहा, मी बाई ठेवतो. पडून राहीन."

"पडून राहिलेल्या बायका मी बघितल्यात," अंबिका म्हणाली. "आधी पाय जातो, मग छाती भरते. तुला तसं जाऊ द्यायची नाही मी."

"तू कोण मला जाऊ न देणारी?"

अंबिकाने वॉकर कॉटला लावला आणि पलीकडच्या कॉटपाशी जाऊन उभी राहिली. मग पांढऱ्या गणवेशातच ती गुडघ्यात वाकली, दोन्ही हात पसरले आणि डाव्या कोपऱ्यात उभी राहायची तशी उभी राहिली. चष्मा घसरला, तो वर केला.

"ये," ती म्हणाली. "बघू गिरगाव."

आया झाडू हातात धरून थांबली.

"येडी झालीस काय?" कमल म्हणाली. पण ती त्या पसरलेल्या हातांकडे बघत होती. ती कॉटच्या कडेला उठून बसली आणि वॉकरच्या दांड्या धरून उभी राहिली. पहिल्या पावलाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला तिने शिवी दिली. मग ओठ हलायला लागले. ती काय पुटपुटतेय ते जवळ आल्यावर अंबिकाला ऐकू आलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. एका दमात कमल तिच्यापर्यंत आली आणि तिच्या खांद्यावर थाप मारली.

"बाद!"

"बाद," अंबिका म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी एक कॉट मागे जाऊन उभी राहिली. मग आणखी एक. शेवटी खिडकी आली.

घरी जायच्या दिवशी विनीत टॅक्सी घेऊन आला. अंबिकाची ड्युटी नुकतीच संपली होती.

"टॅक्सी लालबागवरून घे," कमलने त्याला सांगितलं. "आणि खैरे, तू पण बस. मंडप पाडला तेव्हापासून त्या रस्त्याला मी फिरकले नाही. एकटीने बघवणार नाही."

मंडपाच्या जागी काचेचा टॉवर होता. समोरचं उसळीचं हॉटेल गेलं होतं, सायकलवाला गेला होता, सामन्याच्या दिवशी माणसं ज्यांच्यावर चढून बसायची ती पिंपळाची झाडंही गेली होती. फाटकाशी दोन म्हाताऱ्या थांबलेल्या बघून वॉचमन पुढे आला.

"कोणाकडे जायचंय, आजी?"

"कोणाकडे नाही," कमल म्हणाली. "आम्ही इथे खेळायचो."

"इथे? इथे कुठे ग्राउंड?"

"होतं," अंबिका म्हणाली. "आम्ही मैदानात उतरलो की गॅलरी उभी राहायची."

तिने आवाज चढवला नव्हता, पण वॉचमन दोघींकडे बघत राहिला. मग त्याने फाटकाशी आडवी ठेवलेली साखळी काढली आणि बाजूला झाला.

त्या दोन पावलं आत गेल्या. गुळगुळीत फरशी होती. टॉवर किती उंच आहे ते कमलने पाहिलंच नाही. ती खाली बघत होती. मग तिने वॉकर सोडून एक हात पुढे केला आणि वाकायला गेली.

"आई! वाकायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय!" विनीत ओरडला.

कमल तशीच थांबली, अर्धा हात खाली गेलेला.

अंबिका गुडघ्यावर बसली. तिने उजव्या हाताची बोटं फरशीला टेकवली, उठली आणि ती आधी कमलच्या कपाळाला लावली. मग स्वतःच्या.