दादाचं मनगट

दादा गेला तेव्हा वहिनीचा लाकडी चेहरा डोळ्यांवाचून राहिला. नाक, ओठ, कानामागे सरकवलेली बट, सगळं त्याने मन लावून कोरलं होतं. पापण्यांखाली मात्र नुसतं लाकूड.

"तेवढं करून द्या भावजी," वहिनी म्हणाली. "ह्यांना मी कशी दिसत होते, ते मला एकदा बघू द्या."

डोळे कोरायला चाकूचं अगदी टोक लागतं, आणि ते धारदार हवं. फळीवर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पातं ओढायचं, पाठ पुढे, धार मागे, आणि शेवटपर्यंत मनगट खाली. दादा ओढ संपता संपता मनगट उचलायचा, टक् वाजायचं. मग टोक गोल होऊन बसायचं. जन्मभर त्यावरून मी त्याचं डोकं खाल्लं. तो हसायचा. "तू आहेस की निस्तरायला."

मी चाकू धार लावून ठेवला. सकाळी बघतो तर टोक बोथट. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वहिनी एकटी बसून चाळा करत असेल, असं वाटलं.

"मी?" ती म्हणाली. "दुपारी तर तुम्हीच पट्ट्यावर बसता. रोज आवाज येतो."

दुपारी मी माडीवर घोरत असतो.

त्या दिवशी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर जेवायला बसलो. दादाच्या कोरीवकामाच्या खोलीला बाहेरून कडी. थोड्या वेळाने आतून आवाज आला, सप्, सप्, आणि प्रत्येक ओढीच्या शेवटी बारीकसं टक्. वहिनीचा हात ताटातच थांबला. चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज वाटावी इतका आनंद होता.

देवाचं नाव घेत मी कडी काढली. खोलीत कुणी नाही. चाकू जागच्या जागी. पण चामडं दबत होतं आणि वर येत होतं, पायाखालच्या गवतासारखं. तोंडात नाम होतं, बाहेर मात्र जन्माची सवय पडली.

"दादा, मनगट खाली."

चामडं थबकलं. मग एकच ओढ गेली, लांब, सरळ. टक् झालं नाही.

सकाळी टोक केस चिरत होतं. मी डोळे कोरले. वहिनीने तो चेहरा मांडीवर घेतला, पुष्कळ वेळ बघत राहिली. पण दुपार गेली, आवाज नाही. दुसरी गेली, तिसरी गेली.

"काय केलंत भावजी?"

"शिकवलं त्याला."

"अहो, मग आता ते कशाला येतील?"

तिचं जेवण सुटलं. ताट वाढून घ्यायची, तसंच झाकून ठेवायची. मला ते पाहवेना. एके दुपारी मी चाकू घेऊन पट्ट्यावर बसलो. टोक मुद्दाम बिघडवायचं, दादासारखं, मग त्याला यावंच लागेल. पातं ओढलं आणि शेवटी मनगट उचलू लागलो.

उचललं जाईना. वरून कुणीतरी दाबून धरलं होतं. गार, जड हाताने, पण अगदी हळुवार.

वहिनी दारात उभी होती. "आलेत?"

मी नजरेनेच मनगटाकडे दाखवलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्याजवळ येऊन बसली, आणि माझ्या मनगटाच्या चार बोटं वर, रिकाम्या हवेत, आपला तळवा अलगद टेकवला.

"हात काढून घेऊ नका हं भावजी," ती म्हणाली.