सहाव्या दालनाचं दार

प्रार्थनागृहाच्या तळघरात नरक होता आणि त्याची देखभाल वायरमनकडे होती. गावात त्याला सगळे वायरमनच म्हणत. फक्त आई 'थोरल्या' म्हणून हाक मारायची. नरकात पाच दालनं होती. कुठे लाचखोर कढईत तळला जायचा, कुठे चहाडखोराची जीभ ओढली जायची. पुतळे प्लास्टरचे, आणि त्यांना हलवणाऱ्या मोटारी जुन्या गाड्यांच्या वायपरच्या. किंकाळ्या टेपवर. लाचखोराचा हात दमट हवेत अडकायचा, मग वायरमन त्याला ग्रीस लावायचा. इतकी वर्षं ग्रीस लावून त्याला त्या लाचखोराबद्दल थोडी आपुलकीच वाटायला लागली होती.

नरक उभारला होता गुरुजींनी. हे निवृत्त भाषाशिक्षक. मेल्यानंतर माणसाचं काय होतं यावर कवींनी आणि भाविकांनी जे जे लिहून ठेवलंय, ते सगळं ते कोळून प्यायले होते. "थंड मुलखातल्यांनी नरकात बर्फ घातला, उन्हातल्यांनी आग. आपल्याला जे सोसत नाही, ते प्रत्येकाने दुसऱ्यासाठी राखून ठेवलं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. बर्फ जमण्यातला नव्हता, म्हणून इथे आग होती, म्हणजे लाल बल्ब. स्वर्गही होता, वरच्या मजल्यावर. निळा रंग, एक पंखा आणि बसायला बाक. तिकडे कुणी फिरकत नसे. त्याचा दोष गुरुजी कवींना देत. नरक आला की या लोकांच्या अंगात येतं आणि स्वर्ग आला की उजेड नि संगीत एवढं लिहून मोकळे होतात, अशी त्यांची तक्रार होती.

यंदा गुरुजींनी सहावं दालन काढलं. वायरमनला सांगितलं ते एवढंच: एक दार हवं आणि दारासमोर एक माणूस. दार उघडेल, आत त्याच्या घरची माणसं जेवताना दिसतील. एक ताट रिकामं. माणूस पाऊल पुढे टाकेल, की दार बंद. मग पुन्हा उघडेल. असं अखंड चालू.

वायरमनला काम आवडलं. भंगारातून त्याने खरंखुरं लाकडी दार आणलं. गणवेशाच्या दुकानातले बाद झालेले पुतळे घरची माणसं झाले. त्यातला बाप जरा जास्तच हसरा होता, पण त्याला इलाज नव्हता. दार असं नेमकं बसलं, की त्या माणसाच्या नाकाला चाटून बंद व्हायचं. गुरुजी खूश झाले. वायरमनही झाला.

मग रंगवलेली पाटी आली. 'स्वतःच्या हाताने जीव देणारे.'

वायरमन पाटीचे स्क्रू मुठीत धरून स्टुलावर बसून राहिला. त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला होता. नदीवर पाय घसरला, असं त्यांनी लोकांना सांगितलं होतं. लोकांना सांगता सांगता घरातही तेच बोललं जाऊ लागलं. आईसमोर खरी गोष्ट कुणी काढली नाही, आणि आईनेही कधी विचारलं नाही. तिला माहीत नाही, अशी वायरमनची समजूत होती, आणि कळता कामा नये यासाठी तो जिवाचं रान करत होता. आता त्यानेच स्वतःच्या हाताने हे दार करून ठेवलं होतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

"गुरुजी, हे जरा कडक होतंय," तो म्हणाला.

"नरक आहे, वायरमन. कडकच असायचा."

"कुणी लिहिलंय का पण असं?"

"ज्यांनी लिहिलंय, त्यांनी फार क्रूर लिहिलंय हो. दार माझं आहे. त्यातल्या त्यात सौम्य केलं मी." गुरुजींना धाकट्याचं काही ठाऊक नव्हतं, आणि सांगायची सोय नव्हती. वायरमनने पाटी बसवली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आई नवी साडी नेसून तयार. "मी येणार," म्हणाली.

"अगं आई, केवढे जिने आहेत. गुडघे बोलतील तुझे."

"बोलू देत. शेजारीण सांगत होती, दार फार छान केलंयस म्हणे."

तो पुढे पळाला. सहाव्या दालनावर चादर टाकली आणि 'दुरुस्ती चालू आहे' असा कागद टाचला. पण वायरमनची आई आल्याचं कळताच गुरुजी स्वतः तिला घेऊन तिथवर आले आणि त्यांनी चादर खसकन ओढली. "तुमच्या मुलाची करामत आहे, बघा तरी," म्हणाले. वायरमन फ्यूजच्या बोर्डात तोंड घालून उभा राहिला.

आईने पाटी वाचली. दार उघडलं. माणसाने पाऊल उचललं. दार बंद झालं. आई बराच वेळ बघत राहिली.

"थोरल्या, हे दार लावतं कोण?"

"मोटार, आई."

"आतलं कुणी उठून लावत नाही ना?"

"नाही. ते कसे उठतील? ते जेवत बसलेत."

"हो," आई म्हणाली. "त्या रात्री आपणही जेवतच होतो. रिकामं ताट दिसत होतं सगळ्यांना. बघून येते, असं म्हणून उठलं मात्र कुणी नाही."

दोन वर्षं तो जे तिच्यापासून लपवत होता, ते ती त्याच्यापासून लपवत होती.

तेवढ्यात आई दोरीखालून वाकून दालनात शिरली. "अहो बाई, आत जायचं नाही," गुरुजी म्हणाले. दार पुन्हा उघडलं तेव्हा ती सरळ उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिने फळीला पाठ लावली. दार बंद व्हायला आलं आणि तिच्या पाठीवर अडलं. मोटार कण्हली, गुरगुरली, जळका वास आला आणि फ्यूज उडाला.

सगळा नरक वायरमनने एकाच लाइनवर घेतला होता, त्यामुळे सगळाच विझला. किंकाळ्या थांबल्या. लाचखोर कढईत निवांत झाला. अंधारात बघे आज्ञाधारकपणे उभे होते, आणि हेही देखाव्यातलंच आहे का, असं कुणीतरी हळूच विचारलं.

उंबऱ्यातून आईचा आवाज आला. धाकटा उशिरा घरी आला की ज्या आवाजात ती बोलायची, तोच.

"ये आत. ताट वाढलंय. कुणी काही बोलणार नाही तुला."



"वायरमन," गुरुजींनी अंधारात विचारलं, "किती वेळ लागेल?"

फ्यूजची तार वायरमनच्या हातातच होती. ती त्याने खिशात टाकली.

"लागेल जरा," तो म्हणाला. "धाकटा जेवायला बसलाय."