वरच्या मजल्याच्या सळया

सुलेमानने कोपऱ्यातल्या खांबाच्या सळईवरची प्लास्टिकची बाटली उपसून काढली, तशी आतली कोळ्याची जाळी त्याच्या मनगटाला चिकटली. ती लेंग्याला पुसत तो निलेशला म्हणाला,

"आता मोज. बाटलीसकट मोजशील तर उगाच उंची जास्त भरंल."

सोलरवाल्या निलेशने टेप लावली. मग मान वर करून उन्हाकडे पाहिलं आणि गच्चीवर पडलेल्या सावल्या बोटाने दाखवल्या.

"चाचा, या सळया आड येणार. पॅनल भाड्याने घेतलेत तर कंपनी आधी या कापून टाकेल. विकत घेतलेत तर आपल्या हातात आहे. मी पॅनल मागे सरकवून बसवतो. वीज थोडी कमी मिळेल, पण सळया राहतील."

"राहूदेत," सुलेमान पटकन म्हणाला.

मोहोपाड्यात नोकरीवर असताना त्याने हे घर बांधलं, तेव्हा खांबांच्या सळया स्लॅबच्या वर तशाच सोडल्या होत्या. त्यात नवल काही नव्हतं. उद्या पोरगा वर मजला चढवील म्हणून गल्लीतला प्रत्येक जण सळया सोडतो आणि पुढे विसरून जातो. सुलेमान मात्र विसरणाऱ्यांतला नव्हता. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो जुना ब्रश घेऊन गच्चीवर चढायचा, सिमेंट पाण्यात कालवून सळयांना लेप द्यायचा आणि प्रत्येकीवर रिकामी बाटली पालथी घालायचा. सुलेमानने गच्चीवर लोखंडाची बाग लावलीय, असं गल्लीतले लोक म्हणत, आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा. पण एखाद्या सळईला कुणी कपड्यांची दोरी बांधलेली दिसली, की दिवसभर त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे.

यंदा लेप दिला होता, पण अर्ध्याअधिक सळया बाटलीवाचून उघड्याच होत्या. बायकोने, नफिसाने, बाटल्याच साठवल्या नव्हत्या. "आता तेल डब्यात आणते," एवढंच म्हणाली होती. सुलेमान त्यावरूनही दोन दिवस कुरकुरला होता.

वर मजला चढवणार होता तल्हा. एकुलता एक मुलगा. तो मुंबईत नोकरीला होता आणि फराहशी लग्न झाल्यावर शेलूला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता, तो काही दिवसांसाठी म्हणून. ते काही दिवस अजून चालूच होते. मूल झालं की जागा पुरणार नाही, मग येतील, असा सुलेमानचा हिशेब होता. नातू चालायला लागला तरी तो हिशेब त्याने पुसला नव्हता.

सोलरचं तल्हानेच सुचवलं होतं. सकाळी फोनवर सुलेमानने त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "अब्बा, भाड्यानेच घ्या. घरातला पैसा कशाला अडकवता?"

बापाच्या म्हातारपणाची पोराला काळजी आहे, असा त्याचा अर्थ सुलेमानने लावला आणि सुखावला. पण भाड्याचा करार पंचवीस वर्षांचा होता, आणि तोवर गच्चीवर वीटही चढवता येणार नव्हती. पोराला हे ठाऊक नसणार, आपणच सांभाळून घ्यायला हवं, असं त्याने ठरवलं. विकतचं पॅनल आपल्या मालकीचं. मजला चढवताना उतरवायचं, मजला झाला की पुन्हा वर बसवायचं. पोराला एवढ्यात काही सांगायचंच नाही.

"विकत घेतो," तो निलेशला म्हणाला. "तल्ह्याला मी सांगेन मागनं."

"तुमची मर्जी, चाचा. पण भाड्याचंही आता सोपं झालंय. घर विकलं तरी करार नव्या मालकाच्या नावावर होतो. अडत नाही." निलेश खाली बसून टेप गुंडाळत होता. "तल्हाभाईंना तीच शंका होती. दोनदा फोन केला त्यांनी."

सुलेमानच्या हातातली बाटली दाबली जाऊन कडकड वाजली.

"काय इचारलं त्यानं?"

"हेच, की उद्या गिऱ्हाईक आलं तर सोलरमुळे अडचण येईल का. मी म्हटलं, उलट घराला भाव चांगला येईल." निलेशने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल."

"झालंय," सुलेमान म्हणाला. "झालंय तर."

तो कठड्यापाशी गेला. पलीकडे भातं कापून शेतं मोकळी झाली होती आणि कारखान्याच्या धुराड्यामागे डोंगर स्वच्छ दिसत होता. याच बाजूला तल्हाच्या खोलीची खिडकी काढायची, हे त्याने कधीच नक्की केलं होतं. वारा डोंगराकडून येतो. त्याला एकदम स्वतःची लाज वाटली. आपण म्हातारे आहोत म्हणून नव्हे, तर इतकी वर्षं खुळ्यासारखे खूश होतो म्हणून.

जिन्यावर चपला वाजल्या. नफिसा चहाचे कप घेऊन वर आली.

"ठरलं काय?"

"विकत घेतोय," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "आपण दोघं हाव तवर आपल्या गच्चीवरचं ऊन आपलं." मग निलेशकडे वळून तो म्हणाला, "पॅनल मागं नको सरकवू. पुरी वीज पायजे मला. सळया कापून टाक."

निलेश चहा घेऊन जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला.

आता ही विचारणार, मग तल्ह्याचा मजला? सुलेमानने उत्तर तयार ठेवलं होतं. सावली पडते म्हणून सांगायचं. आईच्या काळजाला कशाला घोर लावायचा?

नफिसाने काही विचारलं नाही. तिने कप कठड्यावर ठेवले, ओढणी खोचली आणि एकेका सळईवरची बाटली काढून कुशीत घ्यायला लागली. सावकाश, फुटू नये अशा बेताने.

सुलेमान तिच्याजवळ गेला.

"तुला ठाव व्हतं?"

"फराह बोलली व्हती. रमजानच्या आधी."

"आन् मी लेप लावला तवा खाली बसून सिमेंट कालवून दिलंस मला?"

नफिसाने शेवटची बाटली काढली. सळई खाली अजून राखाडी, कोरडी होती. गंजाचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

"सांगायलाच आले व्हते वर," ती म्हणाली. "तर तुमी गाणं गुणगुणत व्हता."