जिराफाचा मागचा पाय

दुधाच्या एका मोठ्या फार्मवर तीस वर्षं गाईंची खुरं तासून आक्का निवृत्त झाल्या होत्या. जनावर लांबून चालत येताना दिसलं की कुठं दुखतंय ते त्या सांगायच्या. घरी मात्र या विद्येला कुणी विचारत नव्हतं. त्या रविवारी मुलगा, सून आणि सात वर्षांची नात यांच्याबरोबर शहराबाहेरची नवी प्राणीबाग बघायला निघाल्या, तेव्हा मुलाने गाडीतच बजावलं, "आई, आज कुणाच्या पायांकडे बघायचं नाही."

प्राणीबाग कसली, गावच होतं ते. काचेचे बोगदे, सरकते जिने, नकली खडकांवरून पडणारं खरं पाणी. पिंजरा औषधालासुद्धा नव्हता. आक्का खूश होत्या, जिराफांपाशी पोचेपर्यंत.

जिराफाला पाला भरवायला उंच लाकडी माची बांधली होती. हातात फांद्या घेऊन माणसं रांगेत उभी. सगळ्यांचं लक्ष त्याच्या लांबलचक जिभेकडे. नात बुटकी, तिला कठड्याच्या फटीतून खालचंच काय ते दिसत होतं.

"आजी, याने चप्पल घातलीय," ती म्हणाली.

आक्का वाकल्या. मागच्या उजव्या पायाची खुरं वीतभर वाढून पुढे वळली होती. जनावर टाचेवर रेलत, दर दोन पावलांनी थांबत माचीकडे येत होतं. तेवढ्यात माईकवरचा माणूस म्हणाला, "बघा मंडळी, तुम्हाला बघून आमचा राजा कसा ठुमकत येतोय."

लोक हसले. टाळ्या पडल्या. आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौकशीच्या खिडकीतल्या मुलीने त्यांचं ऐकून घेतलं, हसतमुखाने. "जिराफ तसेच चालतात, मॅडम."

"मग बाकीचे दोन का नाही तसे चालत?"

"आमच्याकडे तज्ज्ञ आहेत. तुमचा अभिप्राय त्या पडद्यावर नोंदवा ना."

पडद्यावर प्रश्न होते: खाणं कसं वाटलं, स्वच्छतागृह कसं होतं, गाडी लावायला जागा मिळाली का. प्राण्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. आक्कांनी रागाने कुठलंतरी बटण दाबलं, तर फुगे उडाले आणि 'धन्यवाद, पुन्हा या' असं उमटलं.

"ज्यांच्या जिवावर दुकान मांडलंय, त्यांचंच तेवढं विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या.

"आई, अर्धी बाग बघायची राहिलीय. तू सांगितलंस, झालं. चल आता," मुलगा म्हणाला.

आक्का चालू लागल्या, पण माचीकडे. रांगेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता बोलू लागल्या. "तुम्ही फांदी पुढे केली की त्याला इथवर चालत यावं लागतं. जरा खाली त्याच्या पायाकडे बघा. एवढंच करा."

कुणी खांदे उडवले. कुणी पुढे घुसलं. पण काही जण वाकले, आणि जे वाकले त्यांच्या फांद्या खाली आल्या. मुलाने आईचा दंड धरला. त्याची मान खाली गेली होती. सुनेने मात्र लेकीच्या हातातली फांदी काढून घेतली, टोपलीत परत ठेवली आणि सासूशेजारी जाऊन उभी राहिली.

व्यवस्थापक धावत आले. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. खुरं तासणारी बाई आहे."

"मग कृपा करून..."

"साहेब, त्याचा कुठला पाय दुखतोय तेवढं सांगा. लगेच निघते."

व्यवस्थापकांनी जिराफाकडे पाहिलं. एका पायाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले. उत्तर आलं ते खालून, चाऱ्याची बादली घेऊन उभ्या असलेल्या राखणदार बाईकडून.

"मागचा उजवा. दीड महिन्यात तीनदा लिहून दिलंय मी. सुट्ट्यांची गर्दी ओसरू दे, असं सांगितलं मला."

मग मात्र रांगच मोडली. अर्ध्या तासात डॉक्टर आले, माची रिकामी झाली आणि दारावर पाटी लागली: 'तांत्रिक कारणामुळे बंद.'

"पाय सडत आलाय आणि म्हणे तांत्रिक," आक्का पुटपुटल्या. राखणदार बाईने जाता जाता त्यांचा फोन नंबर मागून घेतला.

गाडी प्राणीबागेच्या फाटकातून बाहेर पडली.

"लाज वाटली ना तुला?" आक्कांनी मुलाला विचारलं.

"वाटली," तो म्हणाला. "आधी तुझी वाटत होती."

आठ दिवसांनी राखणदार बाईचा फोन आला. भूल देऊन खुरं कापली होती. आत पू झाला होता, तो काढला. आता पाय नीट टेकतो, म्हणाली. आक्कांचा जीव भांड्यात पडला.

"आता रोज धूळ झाडून खूर कोरडं ठेव," त्या म्हणाल्या.

"मी नाही आता तिथे. दुसऱ्याच दिवशी मला फाटकावर टाकलं. येणाऱ्यांच्या मनगटाला पट्ट्या बांधते."

आक्कांनी फोन ठेवला. सुनेला कागद-पेन आणायला सांगून त्या मुलासमोर जाऊन बसल्या.

"रविवारी मला परत तिथे सोड. त्या साहेबांशी बोलायचंय."

"सोडतो कसला," मुलगा म्हणाला, "मीही येतो आत."